दोन जीबी, वापरलेली

बटण दाबलं की तो आधी कण्हायचा,
मग पंखा, मग काळ्यावर पांढरी अक्षरं,
मग काहीच नाही.
त्या काहीच नाहीमध्ये माझा चहा उकळायचा.

लोकेश फोनवर म्हणाला, आई, भंगारात घाल तो डबा,
लॅपटॉप पाठवतो पुण्याहून.
मी म्हटलं, पाठव की.
तीन उन्हाळे झाले.

उन्हाळा म्हणजे माझा सीझन.
गच्चीवर बिबड्या, खाली ऑर्डरींची यादी:
वरणगाव बारा किलो, झोपेंच्या सुनेला बिनलसणाच्या,
कल्याणच्या भारंबेबाई, पैसे बाकी, मागायला लाज.
यादी उघडली की कॅल्क्युलेटर गोठायचा,
कॅल्क्युलेटर उघडला की यादी.
भांडलेल्या दोन जावा एका पाटावर बसवल्यासारखं.

शेवटी भुसावळहून पॅसेंजर धरली. जळगाव,
गोलाणी मार्केट, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या.
तलरेजांच्या दुकानातला मोईन, मिसरूड नुकतं फुटलेला,
समजावू लागला, काकू, हार्ड डिस्क म्हणजे गोदाम.
ते मोठं आहे तुमचं. रॅम कमी आहे, रॅम म्हणजे...
त्याला शब्द सापडेना.
मीच म्हटलं, म्हणजे खापर लहान आहे.
पुरण पातेलंभर असलं तरी
मांडा खापराएवढाच.
हां, बस, तेच, म्हणाला. आमचे मांडे बऱ्हाणपूरचे,
पुरण नसतं, पण कढई पालथीच.

त्यानं खण ओढला. असल्या पट्ट्या आता बनत नाहीत.
ही कुठल्याशा बंद पडलेल्या सायबर कॅफेतली,
हिरवी, वितीहून आखूड, एका कडेला सोनेरी दात,
सोन्यावर काळं चढलेलं.
खिशातून त्यानं खोडरबर काढलं,
शाळेतलं, वासाचं, एक कोपरा कुरतडलेलं,
आणि दात घासू लागला.
आतलं पुसून नाही ना जाणार रे?
आत काही नसतंच काकू.
लाइट गेली की ही सगळं विसरते.

साडेचारशे म्हणाला. चारशेला दिली.

घरी आधी खिडकीच्या गजाला हात लावला,
अंगातली वीज उतरू दे, असं त्यानं सांगितलेलं.
दोन स्क्रू. झाकण निघालं तर आत आमचंच घर:
ज्वारीचं पीठ, दीपनगरची राख, वाळलेला एक मुंगळा,
आणि पत्र्याला आतून चिकटवलेलं
च्युइंगगमवरचं वाघाचं स्टिकर.
म्हणजे लोकेशनंही उघडला होता कधीतरी, मला न सांगता.
वाघ तसाच ठेवला. बाकी तूप लावायच्या ब्रशनं झाडलं.

पट्टी बसेना.
शेजारच्या मीराबाई दारातून, काय करू राह्यली वं माय, फुटीन ना ते!
बट्टीचा गोळा दाबते तशी दाबली, मनगटाखालच्या गादीनं.
टक्.
टक्.
दोन्ही कान मिटले.

बटण. आधण ठेवून वळते तो
यादी उघडी, शेजारी कॅल्क्युलेटर, दोघी गुण्यागोविंदानं.
बंद केला. पुन्हा लावला. खरंच होतं.
चहा मात्र अजून नुसतं पाणी.

इतकी वर्षं सकाळची ती चार मिनिटं
कुणी विचारायचं नाही, काय करत बसलीस.
काँप्युटर चालू होतोय, एवढं म्हटलं की झालं.
त्यात मी वेणी घातली.
त्यात मालगाडीचे डबे मोजले, अठ्ठावन्नपर्यंत.
एकदा रडलेसुद्धा, पडदा निळा होईपर्यंत,
कशासाठी ते आता आठवत नाही.
आता तो माझ्याआधी तयार,
गिऱ्हाईक दारात उभं राहावं तसा.
बस म्हणावं वाटतं त्याला. जरा दम खा.

दुपारी लाइट गेली. चारला आली.
भारंबेबाईंचं बिल काढलं, सातशे वीस बाकी,
पडद्याचा फोटो घेतला आणि दिला पाठवून.
लाज वाटायला वेळच मिळाला नाही.